रेषेत आलेले फोड: १२ दिवसांच्या मुलीचं प्रकरण

मे महिन्याचा दुसरा आठवडा. नागपुरात पारा ४५ अंशांवर होता आणि धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात सकाळपासून घामोळ्या, जुलाब आणि ताप यांचीच गर्दी होती. त्या गर्दीत एक आजी ओल्या पंच्याची सावली धरून बाळ घेऊन आल्या. मुलगी, १२ दिवसांची, पूर्ण दिवस भरून झालेली, जन्माचं वजन २.७ किलो. टेबलावर ठेवून त्यांनी दुपटं उलगडलं आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "मॅडम, पोरीले नागीण झाली जी."

आजींची नजर चांगली होती. डाव्या पायावर मांडीपासून घोट्यापर्यंत पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांची रांग होती. उजव्या दंडावर दुसरी, पोटाच्या कडेला तिसरी. नागिणीचे फोडही असेच पट्ट्यात येतात. पण नागीण एखाद्या मज्जातंतूच्या हद्दीत, शरीराच्या एकाच बाजूला राहते. इथं रांगा दोन्ही बाजूंना होत्या, हातापायांवर सरळ लांबीनं उतरणाऱ्या आणि पोटावर वळण घेणाऱ्या. कुठल्याही एका मज्जातंतूचा रस्ता असा जात नाही.

फोड जन्माच्या दुसऱ्याच दिवशी दिसले होते. बाळंतपण जिथं झालं तिथल्या डॉक्टरांनी हर्पिस या विषाणूचा संसर्ग धरून त्यावरचं असायक्लोव्हिर आणि प्रतिजैविकं शिरेतून सुरू केली. त्यांचं बरोबरच होतं. नवजात बाळाला फोड आले की आधी हर्पिस धरायची, कारण एका दिवसाचा उशीर मेंदूवर बेतू शकतो. फोडातल्या पाण्याची हर्पिसची पीसीआर निगेटिव्ह आली, जंतूही वाढले नाहीत, तेव्हा औषधं थांबवून बाळाला घरी सोडलं. फोड मात्र थांबले नाहीत. घरी हळदीचा लेप सुरू झाला होता.

बाळ ठणठणीत होतं. ताप नाही, अंगावर नीट पित होतं, आवाजाला दचकत होतं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला २३,००० आणि त्यांतल्या इओसिनोफिल या प्रकारच्या ३२ टक्के. एरवी हा आकडा पाचच्या आत असतो. नवजात मुलगी, रेषेत आलेले फोड, आजाराचं दुसरं काही चिन्ह नाही आणि इतके इओसिनोफिल: मी फाइलवर प्रश्नचिन्हासह 'इनकॉन्टिनेन्शिया पिग्मेंटी' या जनुकीय आजाराचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत हे नाव मी रुग्णाच्या कागदावर पहिल्यांदाच लिहीत होते.

कुटुंबाच्या परवानगीनं हे प्रकरण मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

आईच्या पोटऱ्या

एक चूक आधी सांगते. आईला तपासायला मी चार दिवस घेतले. बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही, म्हणून आजी एकट्याच आल्या होत्या. मी ते मुकाट्यानं मान्य केलं. त्याच संध्याकाळी मीच त्यांच्या घरी जायला हवं होतं, कारण या आजाराचं अर्धं निदान आईच्या अंगावर लिहिलेलं असतं.

आई आली तेव्हा सलवार वर करून तिच्या पोटऱ्या पाहिल्या. दोन्हींवर फिकट, किंचित खोलगट, केस नसलेल्या रेषा होत्या. उजेड तिरपा पाडला तरच दिसतील अशा. लहानपणी गरम दूध सांडलं असेल, असं तिला वाटत आलं होतं. वरचा एक दात खिळ्याच्या टोकासारखा निमुळता होता, खालचे दोन कधी आलेच नव्हते. या मुलीआधी दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत गर्भ पडला होता.

मग आजींना विचारलं. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. टाळूपाशी रुपयाएवढ्या जागेत केस नव्हते. तीन वेळा त्यांचंही पोट पडलं होतं. "पोरगा टिकलाच नाही जी पोटात," त्या म्हणाल्या. "सासू म्हणे, इच्या पोटातच आग हाय." हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात बदलला नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं वाक्य त्या कालचं असल्यासारखं म्हणाल्या, आणि शेजारी बसलेली लेक मान खाली घालून बाळाच्या टोपीची नाडी बांधत राहिली.

तीन पिढ्यांच्या तीन बायका एका बाकावर बसल्या होत्या आणि तिघींच्या अंगावर एकाच जनुकाची वेगवेगळ्या वयाची खूण होती. बाळाला फोड, आईला फिकट रेषा, आजीला टाळूवरची चकती. त्वचेच्या या आजाराच्या चार अवस्था पुस्तकात शिकवतात: फोड, मग चामखिळीसारखे खडबडीत पट्टे, मग तपकिरी रंगाच्या वळ्या, शेवटी फिकट खुणा.

फोड रेषेतच का

१९०१ साली आल्फ्रेड ब्लाश्को या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं अनेक रुग्णांच्या त्वचेवरचे पट्टे नकाशासारखे काढले. पाठीवर व्ही, कुशीवर एस, हातापायांवर सरळ उतरणाऱ्या रेषा. गर्भात त्वचेच्या पेशी वाढत, सरकत जातात, त्यांचे हे रस्ते आहेत. एका मूळ पेशीची सगळी लेकरं एका रेषेत वसतात. एरवी ते कळत नाही, कारण सगळ्या पेशी सारख्याच असतात.

मुलीच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात. गर्भाच्या अगदी सुरुवातीला प्रत्येक पेशी त्यातलं एक बंद करते, कुठलं ते दैवावर. पुढची तिची सगळी संतती तेच बंद ठेवते. एका एक्सवर सदोष जनुक असेल, तर त्वचेवर निरोगी आणि सदोष पेशींच्या रेषा शेजारी शेजारी उमटतात.

हे मी आजोबांना सांगत होते. ते पूर्वी हातमागावर साड्या विणायचे. मी म्हटलं, ताण्यात दोन गिरण्यांचं सूत लागलंय असं समजा. त्यांनी लगेच विचारलं, "आणि त्यातलं एक सूत कच्चं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग कच्चा दोरा पह्यले तुटते, आणि गोंधळ बाजूच्या पक्क्या दोऱ्यात होते." आतली गोष्ट मी अजून सांगितलीही नव्हती.

पेशीच्या आत

सदोष जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाशी आहे आणि ते जे प्रथिन बनवतं त्याचं नाव नीमो. या आजाराशी त्याचा संबंध २००० साली सिद्ध झाला. नीमो हा आयकेके नावाच्या संकुलाचा तिसरा भाग. उरलेले दोन आयकेके-अल्फा आणि आयकेके-बीटा, हे कायनेज आहेत, म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारणारी विकरं. नीमो स्वतः शिक्का मारत नाही. तो निरोप वाचतो आणि कायनेजना योग्य जागी नेऊन उभं करतो.

हे संकुल ज्याच्यासाठी राबतं ते एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली ते बी पेशींमध्ये शोधलं, आणि पुढं ते जवळजवळ प्रत्येक पेशीत सापडलं. एरवी ते केंद्रकाच्या बाहेर, आय-कप्पा-बी या प्रथिनाच्या (त्याचं एक रूप आय-कप्पा-बी-अल्फा) पकडीत पडून असतं. पेशीच्या पृष्ठभागावर टीएनएफ हा दाहाचा निरोप आणणारा रेणू येऊन बसला, की आतल्या अंगाला काही मिनिटांत प्रथिनांची एक जुळणी उभी राहते. त्यातल्या आरआयपीके-१ या प्रथिनावर युबिक्विटिनच्या माळा चढतात. युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन. मणी एकच, पण माळ कशी गुंफली यावरून तिचा अर्थ बदलतो. एका गुंफणीचा अर्थ 'याला मोडीत काढा', दुसरीचा 'इथं जमा'. नीमो ही दुसरी, सरळ ओवलेली माळ ओळखतो आणि तिला धरून आपल्या कायनेजना तिथं आणतो. तिथं टॅक-१ नावाचा आणखी एक कायनेज आलेला असतो. तो आयकेके-बीटाच्या १७७ आणि १८१ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावायची वाट मोकळी करतो. जागं झालेलं आयकेके-बीटा मग आय-कप्पा-बी-अल्फाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर शिक्के मारतं. शिक्के बसले की त्याच्यावर 'मोडीत काढा' ही माळ चढते, आणि पंधराएक मिनिटांत ते पेशीतून दिसेनासं होतं. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून शेकडो जनुकं चालू करतं.

त्या जनुकांमध्येच लगामही आहे. चालू होणाऱ्यांतलं एक खुद्द आय-कप्पा-बी-अल्फाचं. तासाभरात ते नव्यानं तयार होतं, केंद्रकात जातं आणि एनएफ-कप्पा-बीला डीएनएवरून सोडवून बाहेर आणतं. ए-२० हे आणखी एक प्रथिन त्याच हुकमानं बनतं आणि आयकेकेकडे येणारा निरोपच तोडतं. मला या साखळीतली ही जागा सगळ्यात सुंदर वाटते. आग लावायचा हुकूम आणि ती विझवायचा हुकूम एकाच कागदावर निघतात.

आता अडचण पाहा. नीमो नसेल तर आयकेके जागं होणार नाही. आयकेके नाही तर एनएफ-कप्पा-बी मोकळं होणार नाही. म्हणजे दाह कमी व्हायला हवा. मग या मुलीच्या अंगावर दाह आला कुठून? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका निवासी डॉक्टरनं हाच प्रश्न विचारला, आणि 'नीमो हे दाहाचं बटण' एवढंच पाठ केलं असेल तर त्याला उत्तर नाही.

उत्तर १७ व्या दिवशी घेतलेल्या त्वचेच्या तुकड्यात होतं. भिंगाखाली त्वचेच्या वरच्या थरात इओसिनोफिलांची दाटी होती, पण माझी नजर अडकली ती सुट्या, आक्रसलेल्या, गडद गुलाबी पेशींवर. शेजारच्या जिवंत पेशींपासून सुटून एकेकट्या मरत असलेल्या त्या त्वचेच्या पेशी होत्या.

टीएनएफचा निरोप दुहेरी असतो. पृष्ठभागावर उभी राहिलेली तीच जुळणी सुटून आत सरकली, तर कॅस्पेज-८ हे पेशीला मारणारं विकर जागं होतं आणि पेशी स्वतःला संपवते. निरोगी पेशीत हा दुसरा रस्ता आयकेके दोनदा अडवतं. आधी काही मिनिटांतच, आरआयपीके-१ वर थेट फॉस्फेट लावून. मग सावकाश, एनएफ-कप्पा-बीकरवी सी-फ्लिपसारखी जीव राखणारी प्रथिनं बनवून घेऊन. जो कायनेज दाहाचा हुकूम काढतो, तोच पेशीला त्या दाहात जगवतो. नीमो नसलेल्या पेशीला हे दोन्ही पहारे नाहीत. तिच्यापर्यंत टीएनएफ पोचला की तो सरळ मरणाचाच निरोप होतो.

आणि पेशी मरताना आपल्यातलं इंटरल्यूकिन-१ हे दाह पेटवणारं प्रथिन बाहेर सांडते. ते शेजारच्या निरोगी पेशीला मिळतं. तिचं आयकेके शाबूत आहे, ती नेमानं उत्तर देते: टीएनएफ सोडते, इओसिनोफिलांना बोलावणारं इओटॅक्सिनही येतं. त्या टीएनएफनं आणखी सदोष पेशी मरतात. म्हणजे या मुलीच्या अंगावरचा भडका निरोगी पेशींनी पेटवलेला आहे, आणि त्यात जळतात त्या सदोष पेशी. गोंधळ पक्क्या दोऱ्यात होतो, असं आजोबा म्हणाले ते हेच. २००६ साली उंदरांवर याची खात्री झाली. त्वचेच्या पेशींतला नीमो काढला की दाह व्हायचा, पण त्याच उंदरांत टीएनएफचा ग्राहीही, म्हणजे पेशीवरची त्याची बसायची जागाही, काढला तर होत नसे.

फोड कायमचे का राहत नाहीत, तेही यातूनच कळतं. सदोष पेशी मरून संपतात, जागा निरोगी पेशी भरतात. मेलेल्या पेशींमधला रंग मात्र खालच्या थरात गळतो आणि तिथं वर्षानुवर्षं अडकून राहतो. आजाराच्या लॅटिन नावाचा अर्थच 'रंग धरून न ठेवणं' असा आहे.

मुलग्याच्या पेशीत एक्स एकच. सदोष असेल तर त्याच्या सगळ्याच पेशी उघड्यावर. आयकेके-बीटा नसलेली उंदराची पिल्लं गर्भातच यकृताच्या पेशी मरून जातात. त्यांच्यातला टीएनएफचा ग्राही काढला तर यकृत वाचतं. नीमो नसलेल्या नर पिल्लांचं यकृतही तसंच जातं. मी आजींना एवढंच सांगितलं, की पोटात आग होती हे खरं असेलही, पण ती तुमची नव्हती. मुलाच्या पेशींना जे कवच लागतं तेच त्याला मिळालं नव्हतं, आणि ते तुम्ही काही खाण्यानं, वागण्यानं गेलं नव्हतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग लेकीला म्हणाल्या, "ऐकलं का तू?"

हळदीबद्दल इथंच सांगते, कारण घरोघरी हा प्रश्न येतो. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये आयकेकेला दाबतं, हे खरं आहे. खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं पोचतं, हेही खरं. पण या बाळात आयकेके दाबायचंच कशाला? तिच्या त्वचेचा सगळा त्रास आयकेके नसण्याचा आहे. औषध कंपन्यांनी आयकेके-बीटाला रोखणारे रेणू वर्षानुवर्षं घडवले, तरी त्यातलं एकही आज दाहाचं नेहमीचं औषध झालेलं नाही. जे विकर पेशीला जगवतंही, ते सरसकट बंद करण्याची किंमत मोजावी लागते. फुटलेल्या फोडांवर लेप नको, स्वच्छ पाणी आणि साधं मलम पुरे, एवढं मी सांगितलं. आजींनी ते पाळलं.

निगेटिव्ह आलेला अहवाल

जनुकाच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं. तीन आठवड्यांनी अहवाल आला: दोष आढळला नाही. बाळाच्या वडिलांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं, कारण आईच्या पोटऱ्या मी पाहिल्या होत्या.

नीमोच्या जनुकाशेजारी त्याची एक निकामी नक्कल आहे. जनुकाच्या मजकुराचे जे खंड प्रथिनासाठी वाचले जातात त्यांना एक्सॉन म्हणतात. तिसऱ्या एक्सॉनपासून दहाव्यापर्यंतचा मजकूर दोन्हींत जवळजवळ एकसारखा. नेहमीच्या पद्धतीनं डीएनएचे छोटे तुकडे वाचले, की खऱ्या जनुकातला गाळलेला मजकूर नकलेतल्या मजकुरानं भरून निघाल्यासारखा दिसतो. आणि या आजारात नेमका गाळलेला मजकूरच सापडतो. बाधितांपैकी सुमारे ६० ते ८० टक्क्यांत चौथ्या ते दहाव्या एक्सॉनचा, ११,७०० अक्षरांच्या आसपासचा, एकच तुकडा नाहीसा झालेला असतो. तोच शोधणारी वेगळी पीसीआर मागावी लागते. ती मागितली. बाळ पॉझिटिव्ह, आई पॉझिटिव्ह.

या तुटीनंतर नीमोचा पहिला लहान तुकडाच बनतो. कायनेजना धरणारा भाग त्यात आहे, माळ वाचणारा भाग गेलेला. हात आहेत, डोळे नाहीत.

आईवडिलांना पुढच्या गर्भाचं गणित सांगितलं. चार शक्यता, चारही सारख्या: निरोगी मुलगी, बाधित मुलगी, निरोगी मुलगा, आणि चौथा बाधित मुलगा, जो बहुतेक वेळा टिकत नाही. लिंगाशी निगडित जनुकीय आजारासाठी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याला धरून करता येते, हेही स्पष्ट केलं. एक अपवाद सांगायला मी विसरले नाही. नीमो पूर्ण न जाता अर्धवट बिघडला, तर मुलगा जन्माला येतो, पण त्याला घाम कमी येतो, दात निमुळते असतात आणि क्षयाच्या कुळातल्या जंतूंपुढे तो दुबळा असतो. अशा घरात मुलगा झाला तर जन्मल्या जन्मल्या बीसीजी टोचू नये, आधी तपासावं. या कुटुंबातली तूट पूर्ण आहे, तरी कागदावर तो इशारा लिहून दिला.

डोळा

त्वचेला उपचार लागत नाही. डोळ्याला लागतो, आणि तिथं दिवस मोजावे लागतात. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, कडेचा भाग उपाशी राहतो, तिथं नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढून सुटतो. म्हणून आईला पाहिलं त्याच आठवड्यात बाळाच्या बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घेतला. उजवा स्वच्छ. डाव्याच्या बाहेरच्या कडेला रक्तवाहिन्या पोचलेल्याच नव्हत्या. दर महिन्याला तपासणी ठरली. नवव्या आठवड्यात तिथं नव्या वाहिन्या दिसल्या आणि दुसऱ्याच दिवशी लेझर झालं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल होता, झटका एकदाही आला नाही.

चौथ्या महिन्यात आई घाबरून फोनवर रडत होती. लसीनंतर ताप आला आणि विझत आलेल्या जुन्या रेषांवर पुन्हा फोड उठले. नवी जागा एकही नाही, सगळे त्याच रेषांत. तापात टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ अंगभर वाढतात, आणि त्या रेषांत कुठं कुठं उरलेल्या सदोष पेशी तेव्हा मरतात. आठवड्यात फोड सुकले. लस थांबवायची का, असं वडिलांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि पुढचे डोस वेळेवर झाले.

मुलगी आज १५ महिन्यांची आहे. पायावरच्या वळ्या तपकिरी झाल्यात, दंडावरच्या पुसट होतायत. डाव्या डोळ्याचा पडदा जागेवर आहे आणि ती दोन्ही डोळ्यांनी खेळण्यामागे धावते. पुढची नेत्रतपासणी दिवाळीनंतर. मागच्या आठवड्यात आईनं फोनवर फोटो पाठवला. पहिला दात उशिरा का होईना, आला होता. खालचा, निमुळता. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "माझ्यासारखाच आला मॅडम. दातांच्या डॉक्टरांकडे कधी न्यायचं?"